प्रश्न चौथा, गुण सोळा

नांदेडच्या तपासणी केंद्रात दुपारचे तीन.
पंखा आहे, पण तो पानं उडवतो
म्हणून बंद.
शेजारी परभणीचे कदम सर
घामानं चिकटलेल्या पुरवण्या फुंकर मारून सोडवतात.

व्यक्तिमत्त्व व अबोध मन यासंबंधीच्या
प्रमुख सिद्धांतांची तुलना करा.

ऐंशी जणांनी एकच गाइड पाठ केलेलं.
हिमनग, हिमनग, हिमनग :
एक भाग पाण्यावर, नऊ भाग खाली.
बर्फ म्हणजे आमच्याकडं रसवंतीवरची लादी,
भुसा लावून गोणपाटात गुंडाळलेली.

एक्क्याऐंशीव्या पत्रिकेत हिमनग नव्हता.
निळी शाई, एक ओळ सोडून :

"आमच्या गावात पेव होतं. जवारीचं.
तोंड बुजवून वरून सारवलं की
चालणाऱ्याला कळत नाही खाली काय आहे ते.
पहिला शास्त्रज्ञ म्हणतो, पेवात तुम्हीच पुरलेलं असतं,
जे घरात ठेवायची सोय नव्हती ते.
दुसरा त्याच्याच हाताखालचा. भांडून निघाला.
म्हणाला, अजून खाली जा,
तिथं आख्ख्या गावाची जवारी आहे,
कोणत्या पिढीची ते माहीत नाही.
तिसरा म्हणतो, पेवाचं राहू द्या,
माणसाला स्वतःची उंची कमी का वाटती ते विचारा.
चौथा म्हणतो, पेव नाहीच. वर चालणारे पाय मोजा.
सर, चारही बरोबर वाटतेत.
पण पेव उघडल्यावर आधी दोरीनं कंदील सोडतेत.
कंदील इझला तर माणसानं उतरू नाही.
आमचे चुलते मसाजी उतरले होते.
कंदिलाचं कोणत्याच पुस्तकात दिलेलं नाही."

आदर्श उत्तरात दमनाला चार,
सामूहिक अबोधाला चार,
न्यूनगंडाला तीन, वर्तनवादाला तीन,
तक्ता काढला तर दोन.
मसाजीला किती, ते छापलेलं नव्हतं.

मी तेरा दिले.
कदम सरांनी तिरकं पाहिलं.
सही केली, गठ्ठा सरकवला,
आणि चहा आला तेव्हा दिसलं
की सही माझी नाही.

सोजर.
ठसठशीत. शेवटच्या र ला
तोच लांबडा फराटा.

सत्तावीस वर्षांत या नावानं कुणी हाक मारलेली नाही.
तांदळाच्या ताटात अंगठीनं संध्या लिहिलं गेलं,
आणि दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात झाला,
मीच वाढला.
मॅट्रिकच्या पुढचं सगळं संध्याचं :
एम.ए., नेट,
तासिका तत्त्वावरचे अकरा वर्षांचे अकरा आदेश.

मग पहिला म्हणाला, हात कधी चुकत नसतो.
दुसरा म्हणाला, तू एकटी कुठं आहेस,
ताटात लिहून पुसलेल्या सगळ्याजणी
तुझ्याही खाली उभ्या आहेत, तुझी आईसुद्धा.
आईचं आधीचं नाव काय होतं?
मला माहीत नाही.
मी कधी विचारलंच नाही.

तिसऱ्यानं एवढंच विचारलं :
तेरा देताना कदमांकडं कशाला बघितलंस?
चौथा हसला. उकाडा, बाई.
एक्क्याऐंशी सह्या. मनगट आहे ते, यंत्र नाही.

चारही बरोबर वाटतेत.

मॉडरेटर आल्या, चष्मा कपाळावर.
"खाडाखोड करा, शेजारी पूर्ण सही करा.
आणि ही सोजर कोण?"

"आमच्याच गावची आहे," मी म्हणाले,
आणि पेनाचं टोपण दातात धरलं,
चौथीत धरायचे
तसं.